अंगठ्याआडचा लाल दिवा

काका, तुम्ही म्हणाला होतात, "मराठीत भांड, मग उत्तर देतो."

मी भांडले नाही. राग आला की मला इंग्रजी सुचतं, आणि मराठी शब्द गोळा होईपर्यंत राग निघून गेलेला असतो. त्या दिवशीही मी एकच वाक्य बोलले, "दॅट्स नॉट युअर डिसिजन, काका," आणि हेडफोन कानांवर चढवले. तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंत, हसलात आणि पुढच्या कॅसेटचे पाच स्क्रू खोलायला घेतलेत.

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. ते भांडण मी आता मराठीत लिहायला बसले आहे. तुमच्याच घराच्या मागच्या खोलीत, तुमच्याच टेबलावर. काकू मघाशी चहा ठेवून गेल्या. दोन कप आणले होते, एक तसाच परत नेला. उत्तर येणार नाही हे मला कळतं. तरी दर दोन ओळींनी मी मागे वळून दाराकडे बघते आहे.

दोन वर्षांपूर्वी मी या खोलीत पहिल्यांदा आले तेव्हा कॉल सेंटरची नोकरी सोडून घरी बसले होते. फोन वाजला की माझे हात गार पडायचे. बाबा म्हणाले, "गौतमकडे जाऊन बस. तिथे जास्त बोलावं लागत नाही." ते खरंच होतं. लोकांच्या लग्नाच्या, बारशाच्या, वास्तुशांतीच्या जुन्या कॅसेट तुमच्याकडे यायच्या आणि आपण त्या पेनड्राइव्हवर उतरवून द्यायचो. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीनच तास लागतात, कितीही घाई असली तरी. "कॅसेटला टार्गेट नसतं," तुम्ही म्हणायचात आणि स्वतःच खूश व्हायचात. बाबांबरोबर कंपनीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला त्यात काय मजा वाटते, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

तुम्ही मला मशीनचं हेड साफ करायला शिकवलंत, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बॉण्ड पेपरच्या पट्टीनं. बुरशी लागलेली फीत फ्लॅनेलनं हातानं पुसायला शिकवलंत. कॅसेटच्या डब्यात टाकायला सगळ्या बिल्डिंगनं नव्या चपलाबुटांच्या खोक्यांतल्या सिलिकाच्या पुड्या तुमच्यासाठी साठवल्या होत्या. वरच्या मजल्यावरची मुलं पुडी द्यायला आली की त्यांना चॉकलेट मिळायचं. आणि मला काय मिळायचं? "मॅडम, एकोणऐंशी नंबरची कॅसेट काढा." मी कपाटासमोर उभी. एकोणऐंशी म्हणजे सत्तरच्या बाजूला की ऐंशीच्या? शेवटी तुम्हीच उठून काढायचात. "इंग्लिश मीडियमला सगळे आकडे शिकवतात, फक्त नऊवाले सोडून."

पण तुमचं एक वाक्य मला लागून राहिलं. पहिल्याच आठवड्यात म्हणालात, "बुरशीची कॅसेट एकदाच वाजणार असं धरून चालायचं. दुसऱ्यांदा वाजली तर बोनस." तुम्ही सहज बोललात. मी मात्र त्याचा अर्थ लावत बसले. म्हणजे जे बटण दाबून आपण ती वाचवतो, त्याच बटणानं ती जाऊ शकते. तेव्हापासून माझा अंगठा प्लेवर नुसता ठेवलेला राहतो. तुम्ही पाठीमागून ओरडायचात, "दाब गं, बॉम्ब नाही तो!" मी दाबायचे. दोन वर्षं मी फक्त तुमच्या ओरडण्यावर ते बटण दाबलं.

मग कंपनीच्या कॅसेट आल्या. म्हणजे त्या होत्याच, वरच्या माळ्यावर, दोन खोक्यांत. तुम्ही आणि बाबा कामाला होतात तो पिंपरीतला कारखाना चाकणला हलला तेव्हा जुन्या कपाटांबरोबर त्या भंगारात निघाल्या होत्या आणि तुम्ही रिक्षात घालून घरी आणल्या होत्या. टाइम स्टडीच्या कॅसेट. तुम्ही कामगारच, पण लग्नांची शूटिंग करायचात म्हणून साहेबांनी कॅमेरा तुमच्या खांद्यावर दिला. प्रेसवर, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या मशीनवर, माणूस एक पत्रा उचलतो, डायवर म्हणजे साच्यावर ठेवतो, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबतो, म्हणजे प्रेस खाली येताना हात आत नसतात, तयार पीस बाजूला टाकतो. याला किती सेकंद लागतात ते कॅसेटवरून मोजायचं आणि त्यावरून सगळ्या लाइनचं टार्गेट ठरवायचं.

लग्नात तुम्ही कॅमेऱ्याच्या पुढच्या लाल दिव्यावर काळी चिकटपट्टी लावायचात, म्हणजे लोकांना शूटिंग चालू आहे हे कळत नाही आणि ते अवघडत नाहीत. कंपनीत मात्र पहिल्याच दिवशी ती पट्टी काढून टाकलीत. तसं ठरलंच होतं तुमचं सगळ्यांचं. दिवा उघडा ठेवायचा, लाल दिसला की लाइननं हळू व्हायचं, म्हणजे टार्गेट कमी लागेल.

त्या कॅसेट बघताना आपण किती हसलो! तुम्ही स्क्रीनवर बोट ठेवून सांगायचात, "हा बघ तापकीर. घाम पुसतोय. डिसेंबर आहे, सगळे स्वेटर घालून आलेत, आणि याला घाम! आता बघ, पत्रा पाडणार. पाडला! आता वाकून उचलणार, तो पण गुडघे धरत." तापकीर मामा म्हणजे चऱ्होलीचे, त्या वेळी लाइनमध्ये सगळ्यात तगडे. स्क्रीनवर ते एखाद्या आजारी माणसासारखे हलत होते.

हसता हसता तुम्ही एकदा म्हणालात, "पुढे टार्गेट वाढलंच. मग लोक म्हणाले, कॅमेरावाला फितूर झाला. दोन वर्षं कँटीनला माझ्या टेबलावर कुणी बसलं नाही. तुझा बाप बसायचा तेवढा." मी विचारलं नाही, का वाढलं. माझं असंच आहे. प्रश्न मनात तयार असतो, पण तो तोंडातून निघाला की काय होईल या भीतीनं मी त्याला तिथेच ठेवते.

तुमच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक कॅसेटपुढे शेरा असायचा. बुरशी आहे. आवाज नाही. शेवटी दहा मिनिटं कोरी. एकाच कॅसेटपुढे तुम्ही लिहिलं होतं, "लावू नये." प्रेस शॉपचीच होती. मी विचारलं, खराब आहे का? तुम्ही म्हणालात, "नाही." मग का? "काही कॅसेट बुरशीनं खाल्लेल्या बऱ्या." त्यावर माझं ते इंग्रजी वाक्य आलं. मला खरं तर म्हणायचं होतं की मग आपण हे करतो कशाला, उद्या कुणाला काय बघावंसं वाटेल हे आपण आज कसं ठरवायचं, सगळं शेवटपर्यंत उतरवायचं हा नियम तुम्हीच घातलात ना, कोरा भाग आला तरी मशीन बंद करायचं नाही असं तुम्हीच शिकवलंत ना. हे सगळं मला दुसऱ्या दिवशी सुचलं, आंघोळ करताना.

पण खरं सांगू? तुम्ही नको म्हणालात तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

कारण मला वाटायचं, त्या कॅसेटमध्ये बाबांचा अपघात आहे. बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं प्रेसमध्ये गेली ती माझ्या जन्माआधी. घरात त्याबद्दल एवढंच बोललं जायचं की मशीननं घेतली. मी तो हात तसाच बघत मोठी झाले. रस्ता ओलांडताना उरलेली बोटं धरायचे. आणि एक गोष्ट मी लहानपणापासून बघितली होती, तुम्हाला कधी बोलले नाही. तुम्ही बाबांच्या उजव्या हाताकडे बघायचा नाहीत. दर रविवारी चहाला यायचात, आईच्या हातातून कप घेऊन बाबांना द्यायचात तो त्यांच्या डाव्या बाजूनं, उगाच वळसा घालून. मी दोन आणि दोन जोडले. कॅमेरा तुमच्याकडे होता, तुम्हाला बघवत नव्हतं, आणि एक कॅसेट होती जी लावायची नव्हती.

मग तुम्ही गेलात. पाचव्या दिवशी तापकीर मामा आमच्या घरी आले. पायऱ्या चढून धापा टाकत होते, तरी दारातूनच सुरू झाले.

"दिलप्या, पुढल्या रविवारी विहारात गौत्याच्या पुण्यानुमोदनाला त्यानं काढल्याल्या कॅसेटी लावू. मोठ्या पडद्याव. प्रेस शॉपची समदी पोरं यायची हायेत."

"पोरं?" आई म्हणाली. "साठी झाली सगळ्यांची."

"त्येच की, साठीची पोरं." मग माझ्याकडे वळून, "व्हय ना गं पोरी? तुला जमतंय नव्हं त्ये? न्हाई म्हनू नको. लई बोललोय त्या मानसाला. मेल्याव तरी त्याचं काम बघावं म्हन्तो."

मी मान हलवली.  बाबांनी उजवा हात खिशात घातला.

त्या दिवसापासून मला नीट झोप नाही. काकूंनी माळ्याची किल्ली दिली, मी खोकं उतरवलं, ती कॅसेट उघडली. फितीच्या कडेला पांढरं चढलं होतं, पिठीसारखं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, अजून एक पावसाळा काढणार नाही ही. मला दोन गोष्टींची भीती होती आणि त्या एकमेकींच्या उलट होत्या. लावली तर काय दिसेल, आणि नाही लावली तर ते कायमचं जाईल. तीन दिवस मी फक्त पुसत राहिले. फ्लॅनेल काळं होईपर्यंत पुसलं, मग दुसरं घेतलं. रीळ दुसऱ्या चांगल्या डब्यात बसवलं. पाच स्क्रू आवळले. मग पुन्हा सैल करून पुन्हा आवळले.

बुधवार निवडला, कारण बाबांची पहिली पाळी होती. चाकणजवळच्या महाळुंग्याहून त्यांची कंपनीची बस साडेतीनला इथल्याच कोपऱ्यावर येते, आणि घरी जाताना ते मला घ्यायला येतात. मी अकराला सुरू करणार होते, म्हणजे ते यायच्या आत बघून होईल, बघून झाल्यावर तोंड धुऊन होईल. पण अकराला मी बटणावर अंगठा ठेवला आणि पाठीमागून कुणी ओरडलं नाही. बारा वाजले. काकूंनी जेवायला बोलावलं, मी जेवले नाही. सव्वा दोनला दाबलं एकदाचं.

आधी पडद्यावर नुसता बर्फ, पांढऱ्या ठिपक्यांचा. मग ट्रॅकिंगचं बटण फिरवल्यावर चित्र थरथरत उभं राहिलं. तापकीर मामा, घाम पुसत. आणखी दोन माणसं, तशीच संथ. प्रत्येक ठोक्याला मी डोळे बारीक करत होते, आता हात जाईल, आता किंचाळतील. तास गेला. कॅमेरा हलला आणि एक बारीक तरुण समोर आला, केस कपाळावर, निळा शर्ट. बाबा. आधी तेही हळू करत होते, चांगलं वठवत होते. मग तुमचा आवाज आला, अगदी माइकजवळून. "बंद केलाय रे, दिल्या. आता दाखव तुझा खरा हात."

बाबांनी वर बघितलं. क्षणभर सरळ कॅमेऱ्यात. मग त्यांनी सुरुवात केली.

काका, मी त्याला काय म्हणू? पत्रा उचलला कधी, ठेवला कधी, कळत नव्हतं. दोन्ही हात बटणांवर पडायचे आणि प्रेस वर जाईपर्यंत पुढचा पत्रा हातात असायचा. कुठे घाई नव्हती. मी आयुष्यात पहिल्यांदा बाबांचा उजवा हात पूर्ण बघत होते. पाचही बोटं. मी ती मोजली, खरंच मोजली, स्क्रीनच्या जवळ जाऊन. अपघात नव्हताच त्या कॅसेटमध्ये. अपघाताच्या आधीचं होतं सगळं. आणि मग हळूहळू मला कळलं की हे अपघातापेक्षा वाईट आहे. साहेबांनी टार्गेट कशावरून वाढवलं ते कळलं. तुम्ही बंद केला म्हणालात आणि केला नाहीत.

"आवाज वाढव," पाठीमागून बाबा म्हणाले.

साडेतीन वाजून गेले होते. ते डब्याची पिशवी घेऊन दारात उभे होते, किती वेळ ते मला माहीत नाही. मी घाबरून मशीन थांबवलं. "तेवढं परत लाव," ते म्हणाले. मी म्हणाले, कॅसेट मागे घेता येणार नाही, तुटेल. पण कॉम्प्युटरवर उतरलंय तेवढं दाखवते. हेडफोन काढून त्यांना ऐकवलं. बंद केलाय रे, दिल्या.

बाबा हसले. मला वाटलं होतं ते ओरडतील, किंवा रडतील. ते हसले.

"ह्याला खोटं बोलताच यायचं नाही. दिव्यावर अंगठा ठेवला होता त्यानं. मला अंगठा लाल दिसत होता. नखाच्या कडेनं उजेड येत होता."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"दिसत होतं की."

"मग तुम्ही हळू का नाही केलं?" काका, मी हे विचारलं. तोंडातून निघून गेलं.

बाबा तुमच्या खुर्चीत बसले. पिशवी मांडीवर. "वर्षभर नाटक चाललेलं. मुद्दाम पत्रा पाड, मुद्दाम वाक. हाताला सवय लागायला लागली होती त्याची. मला वाटलं एकदा कुणीतरी नीट बघावं." पिशवी खाली ठेवून म्हणाले, "मग टार्गेट वाढलं. लोक गौतमला शिव्या द्यायला लागले. मी त्याच्याबरोबर डबा खायला बसायचो. तेवढंच केलं."

"आणि बोटं?"

"वाढलेल्या टार्गेटला पुरं पडायचं म्हणून सगळे एका बटणात लाकडाची चीप ठोकायचे, म्हणजे एक हात मोकळा राहतो. मी पण ठोकली. एक दिवस मोकळा हात आत राहिला."

मी विचारलं, तुम्हाला दिवा दिसला होता हे काकांना माहीत होतं का? बाबांनी माझ्याकडे जरा नवलानं बघितलं. "असणार की. त्याला माहीत असणारच." उठले, दारापर्यंत गेले आणि वळले. "हे रविवारी लावू नकोस, प्रज्ञा."

 मी बाबांवर रागावले होते, कारण फितूर हा शब्द तुम्ही दोन वर्षं एकट्यानं खाल्लात आणि ते शेजारी बसून पोळी मोडत होते. तुमच्यावर रागावले होते, कारण तुम्ही ती कॅसेट बुरशीला खाऊ दे म्हणालात आणि गेलात, आणि आता ठरवायचं माझ्यावर आलं. मी दोन फाइली केल्या. एकीत बाबा होते, एकीत नव्हते. दोन्ही लॅपटॉपवर शेजारी शेजारी ठेवल्या. विहारात जाताना रिक्षातही कुठली लावायची ते ठरलं नव्हतं.

विहारात त्रिशरण म्हटलं गेलं. मला सगळे शब्द येत नाहीत, मी ओठ हलवले. तुमचा फोटो पुढे होता, मोठ्या मुलाच्या लग्नातला, कोट घातलेला, खांद्यावर काही नसल्यामुळे अवघडलेला. मग पडदा सोडला आणि मी बाबा नसलेली फाइल सुरू केली.

हॉल हसायला लागला. "ह्यो बघा मी!" तापकीर मामा उभेच राहिले. "आयला, काय ॲक्टिंग हाय!"

"मामा, तुम्ही तर झोपलाय की मशीनवर!"

"झोपत न्हाई रं, साहेबाला झोपवतोय!"

काकूसुद्धा हसल्या. मला वाटलं, झालं, सुटले. तेवढ्यात मामा मागे वळून म्हणाले, "आन् दिलप्या कुठाय? समदी हायेत, ह्योच न्हाई व्हय?"

सगळ्यांनी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. एवढ्या लोकांनी एकदम माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. मी खाली लॅपटॉपकडे बघत राहिले. डोक्यात आलं, आत्ता लाइट जाऊ दे. लाइट गेली नाही.

"आहे," बाबा म्हणाले. "लाव, प्रज्ञा."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा हात खिशात नव्हता. मी दुसरी फाइल लावली.

तुमचा आवाज हॉलच्या स्पीकरवर किती मोठा आला! काकूंनी पदर तोंडाशी धरला. मग पडद्यावर ते हात. हॉल थोडा हसला, तेवढाच. ती सगळी प्रेसवरची माणसं, त्यांना माझ्यासारखा वेळ लागला नाही. कुणीतरी मागून म्हणालं, "म्हणजे खरंच गौतमनंच..."

बाबा उभे राहिले. "गौतमनं मला फसवलं नाही. दिवा चालू होता, मला दिसत होता. मी दाखवलं. टार्गेट माझ्यामुळे वाढलं. तुम्ही त्याला बोललात, मी बोलू दिलं."

यानंतर कुणी त्यांना बस म्हणालं नाही. ते उभेच होते. तापकीर मामा उठले आणि बाहेर गेले. दारातून मला त्यांची पाठ दिसत होती, चपला पायात न घालता पायरीवर बसलेली. मला वाटलं, हे मी केलं. पांढरं होऊन गळून पडणार होतं ते मी पुसून पुसून इथे आणलं आणि बाबांना सगळ्यांसमोर उभं केलं. काका, तुमचंच बरोबर होतं असं मला त्या पाच मिनिटांत वाटलं, हे तुम्हाला सांगायला हवं.

मामा आत आले ते सरळ तुमच्या फोटोसमोर. फोटोला म्हणाले, "गौत्या, पयलं ताट म्या उचललं हुतं तुझ्या टेबलावरनं. आता काय करू, सांग." मग बाबांपासून लांबच्या खुर्चीत बसले. खुर्च्या आवरताना मात्र बाबांच्या जवळ आले, त्यांच्या उजव्या हाताकडे बघितलं आणि म्हणाले, "लई फास्ट हात हुता रं तुझा." बाबांनी मान हलवली. ती माफी होती की नव्हती, मला अजून कळलेलं नाही. घरी येताना बाबांनी रस्ता ओलांडताना माझा हात धरला, पंचवीस वर्षांच्या मुलीचा.

हे सगळं कालचं. आज सकाळी मी काम पुरं करायला बसले, कारण बुधवारी कॅसेट मध्येच थांबवली होती आणि तुमचा नियम आहे. फीत चार दिवस डब्यात बसून राहिली होती, ती हेडला चिकटेल असं वाटत होतं. चिकटली नाही. थोडंसंच उरलं होतं. बाबांचं काम संपतं, कॅमेरा खाली येतो, तुम्ही तो बाकावर ठेवता, चालूच. तुमचे बूट लांब जाताना दिसतात. हात धुवायला गेला असाल. मग काही वेळ नुसतं छप्पर.

मग बाबांचा चेहरा वरून आत येतो. अगदी जवळ, माझ्याएवढ्या वयाचा, घामेजलेला. खरा घाम. इकडेतिकडे बघतात आणि भिंगात बघून हळूच म्हणतात, "गौत्या, चालू आहे रे दिवा, येड्या. अंगठा भाजेल तुझा. नीट आलंय का बघ, आणि पुसून टाक. साहेबाला देऊ नको." हसतात. मग बटण शोधायला हात पुढे येतो, पाच बोटं सगळ्या पडद्यावर, आणि बर्फ.

बाबांनी ते तुम्हाला सांगून ठेवलं होतं, काका. तुम्ही घरी जाऊन बघाल असं त्यांना वाटलं. पाळी संपायच्या आतच साहेबांनी कॅसेट नेली असणार. आणि कितीतरी वर्षांनी ती भंगारातून तुमच्या हातात परत आली तेव्हा तुम्ही तिच्यापुढे "लावू नये" लिहिलंत. बाबा का म्हणाले की त्याला माहीत असणारच, ते मला आता कळलं. त्यांना वाटत राहिलं तुम्ही ऐकलंय, आणि तुम्हाला वाटत राहिलं तुम्ही त्यांना फसवलंत. दर रविवारी तुम्ही कप डावीकडून पुढे करत होतात, आणि ते तुमच्या हातून घेत होते.

सगळं शेवटपर्यंत उतरवायचं, एवढंच माझं भांडण होतं. ते मी जिंकले. मला हे असं जिंकायचं नव्हतं. त्या दिवशी मला मराठीत भांडता आलं असतं, तुम्ही चिडून म्हणाला असतात, लाव मग, बघ काय बघायचंय ते, तर तुम्ही या खुर्चीत बसून हे ऐकलं असतंत. त्या भांडणानंतर आपण दोघांनी मिळून दहा महिने वाया घालवले. तुम्ही भीत होतात, मीही भीत होते, आणि दोघंही एकमेकांना तसं दिसू देत नव्हतो.

रजिस्टर समोर आहे. "लावू नये" मी खोडलं नाही. त्याच्या पुढे लिहिलं, "शेवटपर्यंत लावली."

आता एक राहिलंय. बाबांना सांगायचं की तुम्ही ऐकलं नव्हतंत. त्यांना निदान तेवढा आधार होता इतकी वर्षं, तो मी काढून घेणार आहे. काल हॉलमध्ये वाटली नव्हती इतकी भीती आज वाटतेय. पण बुरशीची कॅसेट आहे, पुन्हा वाजेल की नाही माहीत नाही, आणि माणसांचं काय ते मी या महिन्यात बघितलं.

साडेतीन वाजत आले. बस कोपऱ्यावर थांबली की तिचा ब्रेक इथे ऐकू येतो. मी हेडफोन काढून तुमच्या कपाटात ठेवले आहेत. आवाज स्पीकरवर आहे.